नॉमिक खेळताना खेळाडूंना हक्क किती द्यावेत?

रानजाई

नमस्कार मंडळी. नॉमिक हा खेळ इथे कुणी खेळलंय का? माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पीटर सुबर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी तो रचला आणि जून १९८२ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात डग्लस हॉफस्टॅटर यांच्या सदरात तो पहिल्यांदा छापून आला. सुरुवातीला २९ नियम असतात. १०१ ते ११६ पक्के, २०१ ते २१३ कच्चे. आपली पाळी आली की नियमांत एक बदल सुचवायचा, त्यावर सगळ्यांनी मत द्यायचं, मग फासा टाकून गुण घ्यायचे. १०० गुण झाले की जिंकलात. गंमत अशी की मतदान कसं करायचं, कुणी करायचं, हेसुद्धा नियमच आहेत. म्हणजे तेही बदलता येतात. पक्का नियम कच्चा करायचा असेल तर मात्र सगळ्यांची संमती लागते.

आम्ही पाच जण चिंचवडला ताईकडे रविवारी संध्याकाळी खेळायचो. पाळीचा क्रम असा: माझा नवरा, ताई, मी, धाकटा भाऊ, भावजी. भावजींना दर तिसऱ्या आठवड्याला थर्ड शिफ्ट. सुबर यांचा १०५ वा नियम म्हणतो की प्रत्येक खेळाडूला मत आहे, आणि प्रत्येकाने प्रत्येक मतदानात भाग घेतलाच पाहिजे. त्यामुळे भावजी नसले की डाव अडायचा. म्हणून ३०९ व्या प्रस्तावाने (प्रस्तावांचे क्रमांक ३०१ पासून सुरू होतात) आम्ही १०५ पक्क्याचा कच्चा केला, एकमताने. ३१० वा प्रस्ताव खुद्द भावजींचा होता, की हजर असतील त्यांनीच मत द्यावं. तोही एकमताने मंजूर. दोन फेऱ्या झाल्यावर मूळ नियमांप्रमाणे एकमताऐवजी साधं बहुमत पुरेसं झालं. आणि ३१४ ला धाकट्याने मांडलं, 'सलग दोन रविवार गैरहजर राहणाऱ्याला पुढच्या तीन फेऱ्या मत नाही.' ४ विरुद्ध १. ताईनेसुद्धा हात वर केला.

पराभूत बाजूने मत दिल्याबद्दल २०४ व्या नियमाप्रमाणे भावजींना १० गुण मिळाले. मत गेलं आणि गुण आले. त्यांनी वहीत स्वतःच्या नावापुढे ते १० गुण नीट लिहिले, पेनाला टोपण लावलं, आणि ३१५ ची पाळी त्यांची असताना ११३ व्या नियमाने डाव सोडला. नंतर आम्ही चौघांनी दोन रविवार ओढून बघितलं. खेळ संपला होता.

आता नऊ जणांचा गट होतोय, दोघं परदेशात आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर खेळणार. माझं स्पष्ट मत झालंय की या वेळी खेळाडूंचे हक्क सुरुवातीलाच ऐसपैस लिहून ठेवावेत. भाऊ म्हणतो, मग तो नॉमिक राहत नाही. तुम्हाला काय वाटतं?

एकटप्पा

खेळलो नाही, पण भावजींचं वाचून घशात आवंढा आला. पेनाला टोपण लावलं म्हणे.

निखळानंद

मी तुमच्या भावाच्या बाजूने. बारा वर्षांत वेगवेगळ्या गटांत हा खेळ खेळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या खेळाचा प्राण एकच, बदलता येणार नाही असं काही नाही. ११५ वा नियम वाचा. जो नियम बदलाचा अधिकार देतो तोच नियम बदलणंही चालतं, स्वतःचा अधिकार स्वतःच रद्द करणारा बदलही चालतो. हे काढलं तर उरतं काय? गुण मोजत बसायचा खेळ. तुम्ही दहा हक्क लिहून त्यांना हात लावायचा नाही म्हणालात, तर दर प्रस्तावाला कुणी ना कुणी उठून म्हणेल, हे माझ्या हक्काच्या आड येतं. आमच्या एका गटात तेच झालं. 'कोणत्याही खेळाडूला कोणत्याही वेळी निवाडा मागता येईल' असा मोठ्या मनाने नियम केला. एका मित्राने एका संध्याकाळी सतरा निवाडे मागितले. एक निवाडा तर आधीच्या निवाड्यातल्या स्वल्पविरामाबद्दल होता. दोन तासांत एकही प्रस्ताव पुढे सरकला नाही, आणि तो मात्र नियमाला धरूनच वागत होता.

हक्क रुंद केले की त्यातून पहिला शिरतो तो पळवाट शोधणारा. भावजींसारखा साधा माणूस हक्क बजावायला जात नाही, तो उठून जातो.

रानजाई

@निखळानंद, शेवटचं वाक्य खरं आहे. पण मला त्यातून उलटं दिसतं. भावजींकडे उठून जाण्यावाचून दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

सुपारीफूल

आमच्या लहानपणी वाड्यात हे सगळं होतं गं! लपंडाव असो की डबा ऐसपैस, कुणीही कधीही मूठ ओठांना लावून 'टाइमप्लीज' म्हणायचं. राज्य असलेल्यालाही थांबावं लागे. चपलेचा अंगठा तुटला, आईने हाक मारली, धाप लागली, कारण कुणी विचारत नसे. सगळ्यात धाकट्याला 'कच्चा लिंबू' करायचं, म्हणजे तो बाद होणार नाही पण खेळेल. आणि नियम तर रोज नवे. शेजारच्या काकूंच्या तुळशीपलीकडे गेलं की आऊट, मग काकू गावाला गेल्या की तो नियम रद्द. पण टाइमप्लीज कधी कुणी रद्द केलं नाही, तसं सुचवल्याचंही आठवत नाही.

एकटप्पा

टाइमप्लीज!! मावशी, चाळीस वर्षं मागे गेलो. आमच्याकडे 'ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग' हा एकमेव पक्का नियम होता. बाकी सगळे कच्चे, आणि 'रडीचा डाव खडी' हे त्याचं उच्च न्यायालय.

घाटमाथा

पण टाइमप्लीजचाही गैरवापर व्हायचा की. हात लागणार इतक्यात टाइमप्लीज.

सुपारीफूल

व्हायचा ना. मग 'पकडताना टाइमप्लीज नाही' असा नियम व्हायचा. हक्क तसाच राही, त्याला कुंपण घातलं जाई. निखळानंद यांच्या सतरा निवाड्यांवरही हाच उपाय चालला असता. एका पाळीला एक निवाडा, झालं.

कायदेकानू

धागा उशिरा पाहिला. रानजाईताई, तुमची हकीकत वाचताना एक गोष्ट खटकली. ३१४ वर मतदान होण्याआधी तुमचं चौघांचं आपापसात काही ठरलं होतं का? कारण मूळ २१० वा नियम असा आहे की एकाच संघात नसलेल्या खेळाडूंनी पुढच्या नियमबदलांबद्दल संगनमत किंवा सल्लामसलत करायची नाही. तो तुम्ही बदलला नसेल, तर प्रस्तावावरच आक्षेप घेता आला असता.

रानजाई

हो. स्वयंपाकघरात ठरलं होतं. मी चहा गाळत होते, भाऊ दाराशी उभा होता, ताई पोहे परतत होती. 'यांच्यामुळे तीन आठवडे वाया गेले' असं तीच म्हणाली आणि भावाने लगेच वाक्य तयार केलं. २१० आमच्या डोक्यातच आला नाही. भावजी बाहेर माझ्या मुलाला फासे दाखवत होते.

कायदेकानू

मग पुढचं नीट पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. भावजींनी आक्षेप घेतला असता तर २१२ व्या नियमाप्रमाणे न्यायाधीश कोण? ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू. ३१४ ची पाळी तुमच्या भावाची, त्याच्या आधी तुम्ही. म्हणजे न्यायाधीश तुम्ही स्वतः, ज्या स्वयंपाकघरात होतात. आणि तुमचा निवाडा फिरवायचा तर बाकी सगळ्यांचं एकमत लागणार, म्हणजे उरलेल्या तिघांचंही, जे त्याच कटात होते. दाद मागायचा हक्क कागदावर होता, वापरायला गेलं तर हाताला काही लागलं नसतं.

सुबर यांच्या मूळ २९ नियमांत 'हक्क' असं प्रकरण नाही. पण चाळले तर सापडतात: १०५ मताचा, १०६ प्रस्ताव आधी लिहून मिळण्याचा, १०७ नियम मागच्या तारखेपासून लागू न होण्याचा, १११ मतदानाआधी चर्चेला पुरेसा वेळ मिळण्याचा, ११३ डाव सोडण्याचा. हे पाचही पक्क्या नियमांत आहेत, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या संमतीशिवाय त्यांना धक्का लागत नाही. दाद मागण्याचा नियम २१२ मात्र कच्च्यात आहे, साध्या बहुमताने जाऊ शकतो. माझ्या मते तुमच्या नव्या गटाने पहिलं काम तिथे करावं.

निखळानंद

वकीलसाहेब, १०५ पक्का असूनही वाचला नाही. भावजींनी स्वतःच हात वर केला होता.

कायदेकानू

बरोबर, आणि का केला ते पाहा. एका नियमात हक्क आणि सक्ती दोन्ही शिवलेले होते. त्यांना सक्ती नको होती. ती काढायला अख्खा नियम कच्चा करावा लागला आणि हक्कही त्याबरोबर उघडा पडला. शिवाय नियम बदलला की त्याला प्रस्तावाचा क्रमांक मिळतो. १०५ चा ३०९ झाला, मग ३१०. ३१४ च्या दिवशी वहीत १०५ नावाचं काही उरलंच नव्हतं. कुणालाही वाटलं नसेल की आपण मताच्या हक्कावर मत देतोय.

रानजाई

खरंच नाही वाटलं. 'हजेरीचा नियम' म्हणत होतो आम्ही त्याला.

टिपूर_चांदणं

हा प्रतिसाद वाचून गप्प बसले दोन मिनिटं.

उंबरठा

मी टोरांटोहून लिहितोय. अगोरा हा ईमेलवर चालणारा नॉमिक ३० जून १९९३ ला सुरू झाला आणि अजून चालू आहे. मी काही वर्षं त्याची टपाल यादी नेमाने वाचत असे, दोनदा नाव नोंदवून खेळलोही. तिथे हक्कांचा प्रयोग खूप झालाय.

एके काळी अगोराच्या १०१ क्रमांकाच्या नियमात हक्कांची यादीच होती. जो करार वाचायला पुरेशी संधी मिळाली नाही त्या कराराने बांधलं न जाण्याचा हक्क, वाद सोडवायला रीतसर दाद मागण्याचा हक्क, एका कृतीसाठी एकाहून अधिक वेळा शिक्षा न होण्याचा हक्क, खेळत राहण्याऐवजी बाहेर पडण्याचा हक्क. आणि वर ही तंबी, की कोणताही करार किंवा नियमांचा कोणताही अर्थ लावून हे हक्क कमी करता येणार नाहीत. त्या नियमाच्या सुरुवातीला म्हटलं होतं की अगोरा हा नुसता खेळ नाही, तो समाज म्हणूनही चालत आलाय.

निखळानंद यांना वाटतं तसा खेळ त्याने गोठला नाही. त्या काळात अगोरात अत्यंत धाडसी, डोकं चक्रावणारे प्रस्ताव येत. खेळाडू एकमेकांना करारात अडकवायचे, पळवाटा शोधायचे, सत्ता बळकावायचे. मला वाटतं ते त्यांना जमलं याचं कारणच ते हक्क. उद्या हरलो तरी बोलायला, दाद मागायला आणि निघून जायला मोकळा आहे हे माहीत असलं की माणूस आज मोठी बाजी लावतो. हक्क नसतील तर प्रत्येक जण प्रत्येक प्रस्तावाला घाबरून 'नाही' म्हणतो.

ती यादी पुढे १०१ मधून गेली, रीतसर मतदानाने. पण चर्चेत भाग घेण्यापासून कुणाला रोखायचं नाही, हा वेगळा नियम आहे, आणि त्यात कारणही दिलंय: साम्राज्यशाही नसलेल्या कुठल्याही नॉमिकच्या आरोग्याला भाषणस्वातंत्र्य लागतं. आणखी एक नियम आहे, १६९८ क्रमांकाचा. चार आठवड्यांच्या आत हवा तो नियमबदल करणं खेळाडूंना अशक्य होईल, अशी स्थिती येऊ द्यायची नाही. मी यालाही खेळाडूंचाच हक्क म्हणतो, बदल करत राहण्याचा.

घाटमाथा

उंबरठा, सुंदर माहिती. म्हणजे निखळानंद ज्याला खेळाचा प्राण म्हणतात तोही तिथे हक्क म्हणूनच जपलाय!

निखळानंद

हे मान्य. १६९८ चं मला माहीत होतं, पण त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. सुबर यांच्या संचातही ११४ आहेच, नियमबदल कायमचे बंद होता कामा नयेत म्हणून.

तरी एक मुद्दा सोडत नाही. खेळ किती दिवस चालणार त्यावर हक्कांची गरज ठरते. ब्लॉगनॉमिक हा ब्लॉगवरचा नॉमिक २००३ पासून चालू आहे, पण तिथे राजवटी असतात. एक जिंकला की तो नवा सम्राट होतो, मूळ गाभ्याचे नियम राहतात आणि राजवटीचे नियम बहुधा पुसले जातात. तिथे तुमचं मत गेलं तरी थोड्या आठवड्यांत पाटी कोरी होते. अशा ठिकाणी मोजके हक्क पुरतात. वर्षानुवर्षं चालणाऱ्या खेळात गमावलेला हक्क कायमचा जातो, तिथे रुंद हवेत. रानजाई, तुमचा नवा गट कसा खेळणार आहे ते आधी ठरवा.

कायदेकानू

थोडं अवांतर, पण त्याच मातीतलं. आपल्या राज्यघटनेचं हेच भांडण आहे. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात ११ न्यायाधीशांपैकी ६ म्हणाले, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. म्हणजे पक्क्या नियमांची बंद यादी. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीश बसले आणि ७ विरुद्ध ६ ने ठरलं की कुठलंही कलम दुरुस्त करता येईल, पण घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. मुंबईचे दोन दिग्गज समोरासमोर होते, केशवानंदांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाई.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून साधा कायदेशीर हक्क केला, म्हणजे तुमच्या भाषेत पक्क्याचा कच्चा. आणि आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ ची दाद मागण्याचा हक्क थांबवता येणार नाही असं लिहून ते आणखी पक्के केले. कलम २० काय म्हणतं? मागच्या तारखेने गुन्हा ठरवायचा नाही, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही. पहिलं सुबर यांच्या १०७ चं भावंड, दुसरं अगोराच्या जुन्या यादीतलं. माणसं डाव मांडोत की देश चालवोत, बहुमताच्या जोरात पहिल्यांदा याच गोष्टी चेंगरतात.

एकटप्पा

धागा वाचनखूण म्हणून साठवला. लपंडावापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत!

टिपूर_चांदणं

मला एक साधी शंका आहे. पक्का नियम कच्चा करायला सगळ्यांचं एकमत लागतं हे ठीक. पण जो नंतर येतो त्याचं काय? समजा नऊ जणांनी मिळून एखादा हक्क काढून टाकला आणि महिन्याने दहावा आला. त्याने तर कधी संमती दिली नव्हती.

उंबरठा

फार चांगला प्रश्न. बाहेर पडण्याचा हक्क मोठा वाटतो तो इथे. दहाव्याने आत येताना संमती दिली असं म्हणायचं असेल, तर त्याला सगळं वाचायला मिळालं पाहिजे आणि पटलं नाही तर काही न गमावता जाता आलं पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर त्याची संमती खरी नाही.

निखळानंद

सुबर यांच्या ११३ मधलं दुसरं वाक्य फार लोक वाचतच नाहीत. हरण्यापेक्षा वाईट शिक्षा कुणाला देता येणार नाही, आणि काय वाईट ते त्या खेळाडूच्याच मताने ठरेल. हे वाक्य कितीही उदार असलं तरी मी त्याला कधी विरोध केला नाही, करणारही नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा ताईकडे मोठ्याने वाचून दाखवला. २१० बद्दलचा भाग आला तेव्हा ताई उठली आणि भावजींसाठी पाणी घेऊन आली, त्यांनी मागितलं नव्हतं तरी.

आमचं असं ठरलंय. खेळ वर्षभर चालवायचा, म्हणून हक्क रुंदच ठेवायचे. मताचा हक्क आणि मतदानाची सक्ती हे दोन वेगळे नियम करणार. हक्क पक्क्यांत, सक्ती कच्च्यांत. मत द्यायला ४८ तास, म्हणजे थर्ड शिफ्टवाल्यालाही मिळेल आणि परदेशातल्यांनाही. दाद मागण्याचा नियमही पक्क्यांत नेणार आणि न्यायाधीश चिठ्ठी टाकून निवडणार. ज्याने प्रस्ताव मांडला तो त्यात नसेल. सुपारीफूल मावशी, एका पाळीला एक निवाडा हे कुंपण तुमच्याकडून घेतलं. आणि टाइमप्लीजसुद्धा: कुणीही कारण न देता स्वतःची पाळी आठवडाभर थांबवू शकेल, त्याचं मत आणि गुण तसेच राहतील. निखळानंद, एवढं सगळं लिहूनही एकमताने यातलं काहीही बदलता येईल. पण हक्काचा नियम बदलला तरी त्याचा जुना क्रमांक कंसात कायम राहील, म्हणजे आपण कशावर मत देतोय ते वहीत दिसेल. ही शेवटची सूचना भावजींची. ते पुन्हा खेळतायत, क्रमांक १ ची पाळी त्यांची.

निखळानंद

जुना क्रमांक कंसात, हे बारा वर्षांत मला सुचलं नव्हतं. भावजींना माझा नमस्कार सांगा. दहावा खेळाडू घेता का?

रानजाई

घेतो की. नियमांची प्रत आज रात्री पाठवते. सगळी वाचा, शंका असतील त्या विचारा, आणि मगच हो म्हणा.